पाह्यलं कवा?

आमच्या सरांना 'चहा गरम आहे' एवढं सांगायचीही सोय नव्हती. लगेच विचारायचे, "पाह्यलं कवा?"

कॅन्टीनवाला बिचारा म्हणायचा, "आत्ताच त ठेवला, सर." मग सर कपाला बोट लावून बघायचे. गार निघाला तर चिडायचे नाहीत, उलट त्यालाच समजवायचे, "तू खोटं नाई बोलला गा. तू जुनं बोलला." शिपायानं सांगितलं की प्राचार्य केबिनमध्ये आहेत, तर त्यालाही तेच. 'पाह्यलं कवा?' मी त्यांच्याच विभागात, त्यांच्या शेजारच्या टेबलावर वर्षानुवर्षं बसले. मी मुळातच तापट, त्यात हा शेजार. एकदा त्यांनी विचारलं, "बाई, तुमच्या सासूची तब्येत कशी हाय?" मी म्हटलं, बरी आहे. "पाह्यलं कवा?" मी डबा आपटला अन् वर्गावर निघून गेले. घरी गेल्यावर मात्र सासूबाईंच्या खोलीत डोकावले, तर अंगात ताप. दुसऱ्या दिवशी सरांना मी हे सांगितलं नाही. एवढा आनंद त्यांना द्यायची माझी तयारी नव्हती.

चंद्रपूरच्या आमच्या कॉलेजात ते संगणक शिकवायचे. राहायचे बल्लारपूरला, रोज दुचाकीवर येणं-जाणं. वडील कागद कारखान्यात कामगार होते, अन् सर शिकले ते विहारातल्या अभ्यासिकेत बसून. उंच, काटकुळे, डोक्याला पांढरा दुपट्टा, तो उन्हाळा संपला तरी उतरायचा नाही. एखादा नवीन माणूस त्यांना बघून समजायचा की हे बांधकामाचे मुकादम असतील. सरांना त्याचं काही नाही. ते त्याला बांधकामाचाही सल्ला द्यायचे.

त्यांच्या कोपऱ्यातला संगणक कधी बंद होत नसे. ते पायथन नावाची भाषा शिकवत. तिच्यात एक खिडकी उघडून बसता येतं. तुम्ही एक ओळ लिहायची, तिनं लगेच उत्तर द्यायचं, मग तुमची दुसरी ओळ. समोरासमोर बसून बोलल्यासारखं काम. मध्ये जे जे सांगितलं ते सगळं ती खिडकी लक्षात ठेवते, अन् बंद केली की सगळं विसरते. बाकीचं जग ती रोज उघडतं अन् रोज बंद करतं. आमचे सर ती उघडीच ठेवायचे, महिनोन् महिने. मे महिन्यात चंद्रपूर कसं तापतं ते मी काय सांगू? वीज गेली की आम्ही घामानं निथळायचो, अन् इन्व्हर्टरची तार पंख्याला न जाता सरांच्या संगणकाला गेलेली असायची. मी भांडायचे. "सर, आम्ही पण जीव आहोत!"

"बाई, तुम्ही बंद पडल्या त परत सुरू झाल्यावर तुमचं नाव तुम्हाले आठवते. हे सारं विसरते."

मी वहीनं वारा घेत बसले.

त्यांचं एक वाक्य कॉलेजात प्रसिद्ध होतं. "पोट्टेहो, चूल विझवाची नाई. लाकूड बदलवाचं." लाकूड बदलवाचं म्हणजे असं, की कामाचे निरनिराळे भाग निरनिराळ्या फायलींत लिहिलेले असतात, त्यांना मॉड्यूल म्हणतात. तुम्ही फाइल बदलली तरी उघड्या खिडकीला त्याचा पत्ता नसतो. तिनं ती फाइल सुरुवातीला एकदा वाचलेली असते, अन् त्याच वाचनावर तिचा कारभार चाललेला असतो. तिला 'पुन्हा वाच' म्हणून सांगावं लागतं. त्या हुकमाला रीलोड म्हणतात. खिडकी बंद न करता, आतलं काही न सांडता, एक भाग काढून दुसरा बसवायचा. सरांचा अर्धा जन्म ह्या एका हुकमाच्या कौतुकात गेला. पोरं परीक्षेच्या वहीवर वर देवाचं नाव लिहितात तसं त्यांच्या काही विद्यार्थ्यांनी 'चूल विझवाची नाई' लिहिलेलं मी स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं आहे.

हे रीलोड प्रकरण ते शिकवायचे कसे, तेही ऐका. एका वर्षी वर्गात जैनी होती. भामरागडकडच्या माडिया आदिवासी घरातली मुलगी. वसतिगृहात राहायची, बोलायची कमी. सरांनी तिला पुढं बोलावलं, स्वतःचा जेवणाचा डबा टेबलावर ठेवला.

"पाय पोरी, काय हाय यात?"

तिनं झाकण उघडून बघितलं. "वांग्याची भाजी, सर."

मग सरांनी तिला दाराकडं तोंड करून उभं केलं, अन् सगळ्या वर्गादेखत वांगी काढून डब्यात बेसन भरलं. बेसन कोणाचं, तर माझं. मला विचारलं पण नव्हतं. "आता सांग जैनी, डब्यात काय हाय?"

"वांग्याची भाजी."

वर्ग खो खो हसला. मुलगी पार ओशाळली. आणि सर असे उखडले वर्गावर की मी शेजारच्या खोलीतून धावत आले.

"हासता काऊन? खोटं बोलली काय ती? तिनं पाह्यलं तवा वांगीच होती! डबा मी बदलवला. तिले कोणी सांगितलं काय, का पोरी, डबा बदलला म्हणून? मंग चूक कोणाची?"

त्यांनी डब्याचं झाकण दाबून लावलं.

"डबा बदलवणाऱ्याची," सर म्हणाले. "बदलवलं त ज्यानं ज्यानं आधी पाह्यलं हाय, त्याच्यापाशी जाऊन सांगाचं. नाई त बदलवाचंच नाई."

आणि हे ते निव्वळ शिकवण्यापुरतं बोलत नव्हते हो, हीच तर पंचाईत होती. गडचांदूरकडचा रस्ता खराब आहे, सिमेंटच्या ट्रकांनी खड्डे पाडलेत, असं एकदा त्यांनी स्टाफरूममध्ये सांगितलं. पुढं रस्ता दुरुस्त झाला. तर हा माणूस प्रत्येकाच्या टेबलाशी जाऊन उभा. "मी तुम्हाले रस्ता खराब म्हणलो होतो. आता चांगला झाला. जुनं टाकून द्या." ज्यांना गडचांदूरला जन्मात जायचं नव्हतं त्यांनाही सांगितलं. चहाच्या टपरीवर सांगितलं. माझ्या नवऱ्याला फोन करून सांगितलं, कारण एकदा लग्नात भेटले तेव्हा त्याच्याशीही त्या रस्त्याचं बोलणं झालं होतं. लोक मागून टर उडवायचे, 'सर आले, जुनं टाका!' मीही उडवली आहे.

पण एकदा एका मुलाबद्दल ते बोलून गेले होते, पोट्टा आळशी हाय, वर्गात झोपते. मागून त्यांना समजलं की घरी बाप अंथरुणाला खिळलेला अन् पोरगा पहाटे दूध वाटून कॉलेजला येतो. तेव्हाही ते असेच टेबलाटेबलाशी गेले. एक मास्तर म्हणाले, "अहो सर, आम्ही विसरलो पण ते." सर म्हणाले, "तुम्ही विसरले असान. मार्क देताना तुमचा हात नाई विसरत." त्या दिवशी मात्र कोणी हसलं नाही.

जैनी शिकून परत गावाकडं गेली. तिकडं एक लहानशी संस्था आहे. गावोगाव फिरून बारक्या लेकरांची उंची अन् वजन घेतात, जे पोर फार वाळलं असेल त्याला दवाखान्यात भरती करतात. जैनी त्यात कामाला लागली, अन् पहिल्याच महिन्यात तिनं सरांना फोन केला की सर, आम्ही कोष्टकात बोट ठेवून ठेवून हिशेब करून राह्यलो, तुम्ही काही करून द्या ना. सरांना काय, हत्तीवरून साखरच वाटायची बाकी राहिली. त्यांनी लिहून दिलं. लेकराचं नाव टाकायचं, मुलगा का मुलगी ते टाकायचं, उंची, वजन. खिडकी सांगणार: 'ठीक' किंवा 'धोक्यात'. धोक्यात आलं की दवाखाना. बास. जैनी ते आईला सांगायची, अन् आया जैनीवर विश्वास ठेवायच्या. संस्थेतल्या इतरांनीही तेच घेतलं. सर आठवडाभर कॉलरला हात लावून फिरत होते.

आणि मग त्या पावसाळ्यात, एके दुपारी, सर स्वतःचीच ती फाइल मुलांना वाचून दाखवत होते. जुनं लिखाण मोठ्यानं वाचायची त्यांना सवय होती. म्हणायचे, डोळा चूक झाकते, तोंड नाई झाकत. वाचता वाचता थांबले. मी पलीकडून बघत होते. त्यांनी परत तीच ओळ वाचली, हळू. मग मुलांना म्हणाले, जा आज.

माझ्या टेबलाशी आले तेव्हा दुपट्टा हातात होता. "बाई, कोष्टकं उलटी लागली. मुलग्याले मुलीचं, मुलीले मुलग्याचं. माह्या हातानं."

मला आधी त्यातली गंभीरता समजली नाही. त्यांनी समजावलं. सारख्या उंचीचा मुलगा असेल तर त्याचं वजन मुलीपेक्षा जरा जास्तच भरायला हवं. म्हणजे उलटापालटीनं काही मुली उगाच धोक्यात दिसल्या असतील. गेल्या असतील दवाखान्यात, खाऊन-पिऊन परत आल्या असतील, बिघडलं नाही. पण जे मुलगे खरोखर धोक्यात, त्यातले काही 'ठीक' म्हणून घरी राहिले असतील. अन् ऐन पावसाळा. भामरागडकडं पूर आला की रस्ते तुटतात, मग दवाखान्यात न्यायचं म्हटलं तरी नेता येत नाही.

चूक दुरुस्त करायला त्यांना चहा निवायच्या आत जमलं. संस्थेतले सगळे जिथून फाइल घ्यायचे तिथं नवी ठेवली. मग एकेकाला फोन. सगळे सापडले, फक्त जैनीचा फोन लागेना. पुरात तिकडचं नेटवर्कच गेलं होतं. संस्थेची जीप चंद्रपूरहून औषधं घेऊन भामरागडला निघालीच होती. सरांनी ड्रायव्हरभाऊला पेन ड्राइव्हवर नवी फाइल दिली अन् निरोप दिला, "जैनीले सांगा, सर म्हणते कॉम्प्युटर बंद कर अन् परत चालू कर."

मी म्हटलं, झालं एकदाचं.

जीप परत आली. ड्रायव्हरभाऊ कॉलेजच्या फाटकाशीच भेटला, हसत हसत. "सर, तुमची पोरगी भल्ली पक्की हाय! म्हणते, सर असं म्हणूच शकत नाई. उन्हाळ्यापासून बंद केला नाई म्हणे. फाइल घेतली तिनं, ते काय, रीलोड का काय, ते बी केलं. सारं बरोबर झालं म्हणे. चूल चालू हाय म्हणून सरले सांगजा, म्हणे."

मला हसू आलं, खरंच सांगते. सर मात्र हसत नव्हते.

ते फाटकाच्या कठड्यावर बसले. "बाई, रीलोडनं नियम बदलते. नवीन लेकरू टाकलं त त्याले नवा नियम लागन. पन जी लेकरं आधीच टाकून ठेवली, ती जुन्या नियमातून बनली हायेत. त्याहिले विचारलं त ते जुनंच सांगतीन. अन् ते तिले आता खरं वाटन, काऊन का तिनं रीलोड केलं ना! आधी तिच्यापाशी चूक होती. आता चूक हाय अन् वरून भरवसा हाय."

"हे तुम्ही शिकवलं नव्हतं तिला?"

"शिकवलं होतं. पन चूक काय होती हे मी निरोपात सांगितलंच नाई. मले वाटलं, मी म्हणलो म्हणजे बंद करन." मग स्वतःशीच म्हणाले, "कशी करन? मीच त सांगितलं होतं."

मी म्हटलं, चिठ्ठी पाठवा. जीप आता पाणी ओसरल्याशिवाय जायची नव्हती. मी म्हटलं, थांबा मग ओसरेपर्यंत. त्यावर त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी मुकाट्यानं गाडीची किल्ली काढली. एकट्याला सोडलं असतं तर दुचाकीवर निघाला असता हा माणूस त्या जंगलातून.

त्या प्रवासात मला सरांचा तो छळवादी प्रश्न पहिल्यांदा उपयोगाचा वाटला. आलापल्लीला माझी गाडी ठेवून आम्ही भाड्याच्या जीपमध्ये बसलो. वाटेत ज्याला त्याला विचारायचं, पूल चालू आहे का? एक म्हणे चालू आहे. "पाह्यलं कवा, भाऊ?" "काल." दुसरा म्हणे पार बुडाला. "पाह्यलं कवा?" "मी नाई पाह्यला, मामेभाऊ म्हणे." शेवटी एक बाई भेटली, डोक्यावर ओल्या चिखलानं माखलेली टोपली. "आत्ताच उतरून आली ना जी मी. गुडघाभर पाणी हाय, कमी होऊन राह्यलं." सरांनी तिला हात जोडले. तिला वाटलं असेल, येडा आहे.

पूल उतरून आम्ही संस्थेच्या खोलीवर पोचलो. टिनाचं छप्पर, वर सौर पॅनेल, आत प्लास्टिकच्या कापडाखाली जपून ठेवलेला लॅपटॉप. आम्हाला चिखलात उभं बघून जैनीला आधी बोलता येईना. मग तिनं कापड बाजूला केलं अन् म्हणाली, "पाहा सर, विझू नाई दिली!" तोंडावर एवढा आनंद होता त्या मुलीच्या. मला तिच्याकडं बघवेना.

सर खाली बसले. "एखाद्या पोराचं नाव घे."

तिनं लालसू नावाच्या पोराचं नाव लिहिलं. खिडकी म्हणाली, ठीक.

"आता तोच लालसू, तेच आकडे, नवीन म्हणून टाक."

तिनं टाकलं. धोक्यात.

जैनी बघतच राहिली. परत जुन्याला विचारलं. ठीक. नव्याला. धोक्यात. एकच पोर, एकच उंची, एकच वजन. तिचे हात खाली आले. "सर, मी त रीलोड..."

"तुह्यं काही चुकलं नाई पोरी. बंद कर आता."

ती हलेना. मग सरांनीच हात पुढं केला अन् खिडकी बंद केली. सगळ्या नोंदी रोज संध्याकाळी फायलीत जात असत, त्यामुळं हरवलं काही नाही. परत उघडल्यावर सगळी लेकरं नव्या नियमातून मोजून निघाली. त्यात काही मुलगे 'ठीक'मधून 'धोक्यात' गेले. लालसू सोडून बाकीचे नाल्याच्या अलीकडच्याच काठाचे होते. जैनीच्या संस्थेतल्या सोबतिणी त्यांच्या घरी पळाल्या अन् त्याच दिवशी ते दवाखान्यात पोचलेही. लालसूचं गाव नाल्यापलीकडं. वर कुठंतरी पाऊस कोसळत होता, पाणी परत चढत होतं. होडी वल्हवणारा डोंगेवाला म्हणाला, जायचं असेल तर आत्ता, अन् जास्त बोलत बसू नका तिकडं.

लालसूची आई रोवण्यातून, म्हणजे भाताच्या लावणीतून नुकतीच आलेली, पाय पोटऱ्यांपर्यंत चिखलात. पोर तिच्या मांडीवर. रडत नव्हतं, हसत नव्हतं, माशी बसली तरी हात हलवत नव्हतं. दोन पोरं वाढवली आहेत मी. एवढं शहाणं पोर मला बघवत नाही.

जैनी माडियात बोलायला लागली, अन् अधेमधे आम्हाला मराठीत सांगायला लागली. आईनं सगळं ऐकून घेतलं. मग ती जैनीवर चिडली. जैनीनं खाली मान घालून आम्हाला सांगितलं, "ती म्हणते, मागच्या टायमाले तूच मोजलं अन् तूच म्हणाली ठीक हाय. मी चार घरी सांगितलं, माहा लालसू ठीक हाय. आता म्हणता मरन. पाणी चढून राह्यलं, रोवणा अर्धा पडला हाय, अन् मी पोर घेऊन तुमच्यासंगं जाऊ? उद्या परत ठीक म्हणान."

खरं सांगू, तिच्या जागी मी असते तर चपलेनं हाकललं असतं आम्हाला.

जैनीनं परत काहीतरी सांगायला सुरुवात केली. सरांना माडिया येत नाही. पण तिच्या बोलण्यात 'मशीन' शब्द आला तसा त्यांनी तिचा दंड धरला.

"मशीन नाई म्हणाचं."

"सर, ती तुमच्यावर..."

"मशीन बिघडली नाई. मशीननं मी सांगितलं तसंच केलं. माणूस चुकला म्हण. हा माणूस म्हण." आणि दुपट्टा काढून, चिखलाच्या त्या अंगणात ते त्या बाईसमोर खाली बसले. साठीला टेकलेला माणूस, गुडघे धड वाकत नाहीत.

जैनीनं सांगितलं. आईनं सरांकडं बघितलं. नाल्यावरून डोंगेवाला ओरडत होता. मी मनात म्हणत होते, अगं बाई ऊठ, शिव्या मग दे, आधी ऊठ.

बाईनं एक प्रश्न विचारला. जैनी म्हणाली, "ती विचारते, ही चूक पकडली कोणी?"

"मीच."

परत ती काही बोलली.

"म्हणते, तुम्ही आले नसते, त आम्हाले समजलं असतं काय?"

सरांनी जरा विचार केला. खोटं बोलता येत नव्हतं त्यांना, सोयीचं तर मुळीच नाही. "नाई," म्हणाले. "हे पोर गेलं असतं, त तुम्ही तापानं गेलं म्हणल्या असत्या. कोणालेच समजलं नसतं."

जैनीला ते सांगताना दोनदा थांबावं लागलं. आई ऐकत होती. मग ती उठली. घरात जाऊन तिनं एक फडकं आणलं, लालसूला पाठीशी बांधलं, शेजारणीला रोवण्याचं काहीतरी ओरडून सांगितलं, अन् आमच्या कोणाची वाट न बघता नाल्याकडं चालायला लागली. आम्हीच तिच्या मागं धावत होतो.

लालसू वाचला, हे इथंच सांगून टाकते. ती काही झाकून ठेवायची गोष्ट नाही. बरेच दिवस दवाखान्यात होता, अन् तिथून जाताना नर्सबाईच्या चिमट्यासाठी त्यानं भोकाड पसरलं होतं. पण त्या दिवशी डोंग्यात आम्हाला कोणालाच ते माहीत नव्हतं. पाणी तांबडं, लाटा काठाला आदळत होत्या. डोंग्यात पाणी येत होतं, ते आई टिनाच्या डब्यानं उपसत होती. म्हणून पोर तिनं सरांच्या मांडीवर दिलं होतं. सरांनी त्याला असं धरलं होतं की डोंगा उलटला असता तरी सुटलं नसतं.

अर्ध्या पाण्यात आईनं जैनीला काहीतरी सांगितलं. जैनीनं ते मराठीत केलंच नाही, ती रडायलाच लागली. मी दटावलं, अगं काय म्हणाली ते सांग तरी.

जैनीनं ओल्या पदरानं तोंड पुसलं. "म्हणते, पुढच्या टायमाले बी मोजाले ह्या माणसालेच आणजो."